सरकारे येणाऱ्या काळाची तयारी कशी करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधील मराठी वाचकांच्या एका अभ्यासवर्गासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. वर्गात बँकेतून, शाळेतून, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेली मंडळी आहेत, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली आहेत, आणि ज्यांच्या घरात एके काळी गिरणीचा पगार येत असे अशी कुटुंबेही आहेत. प्रश्न त्यांनी विचारलेले आहेत. उत्तरे शक्य तितकी नेमकी देण्याचा प्रयत्न केला आहे.

सरकारी पातळीवरचा ‘भविष्यवेध’ म्हणजे नेमके काय?

पुढील दहा, वीस किंवा तीस वर्षांत अर्थव्यवस्थेत आणि समाजात कोणकोणते बदल संभवतात याचा पद्धतशीर विचार करणे, आणि त्या विचाराच्या उजेडात आजचे निर्णय तपासून घेणे, म्हणजे भविष्यवेध. यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. केवळ विचार करून अहवाल छापला आणि अर्थसंकल्प, भरती, बांधकाम, शिक्षण यांतले निर्णय पूर्वीसारखेच घेतले गेले, तर भविष्यवेध झाला असे म्हणता येणार नाही.

मग अर्थतज्ज्ञ विकासदराचा जो अंदाज वर्तवतात त्यापेक्षा हे वेगळे कसे?

अंदाज वर्तवणारा एक आकडा देतो: पुढील वर्षी वाढ इतके टक्के होईल. कालच्या घडामोडींचा कल उद्याही टिकेल असे गृहीत धरलेले असल्यामुळे थोड्या काळासाठी असा आकडा बराच उपयोगी पडतो. काळ जसजसा लांबतो तसतसे हे गृहीतक ढिले पडत जाते. म्हणून भविष्यवेधात एकाच उत्तराचा आग्रह न धरता तीन-चार वेगवेगळी, पण आतून सुसंगत अशी चित्रे उभी केली जातात आणि त्यांपैकी प्रत्येक खरे ठरले तर आपण काय करू, असे विचारले जाते. अशा चित्राला ‘सिनॅरिओ’ म्हणतात आणि हा शब्द आता मराठीतही रुळला आहे.

काही गोष्टी मात्र जवळपास ठरलेल्याच असतात. २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ भरणार आहे; त्यासाठी चार चित्रे रंगवण्याची गरज नाही, तिथे तारखेपासून मागे मोजत रस्ते, घाट आणि पाण्याची कामे लावायची असतात. आज जन्मलेले मूल सहा वर्षांनी पहिलीत जाणार, हेही तसेच. ठरलेले काय आणि अनिश्चित काय, हे आधी वेगळे काढणे हीच या कामातील पहिली पायरी आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होते.

ही पद्धत आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील रँड या संस्थेत हर्मन कान यांनी अण्वस्त्रयुद्धाच्या शक्यतांचा विचार सिनॅरिओंच्या रूपाने मांडला. त्याच संस्थेत ओलाफ हेल्मर आणि नॉर्मन डाल्की यांनी डेल्फी पद्धत विकसित केली. तिच्यात तज्ज्ञांना एकमेकांची नावे न कळू देता प्रश्नावली पाठवतात, आलेल्या उत्तरांचा सारांश सर्वांना दाखवतात आणि पुन्हा विचारतात. त्यामुळे खोलीतल्या सर्वांत वजनदार माणसाच्या मताकडे सगळ्यांनी झुकण्याचा धोका कमी होतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी शेल या तेल कंपनीत पिएर वाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलाच्या किमती एकाएकी भडकतील असे एक चित्र व्यवस्थापनापुढे ठेवले होते. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तसेच घडले आणि ही पद्धत जगभर गाजली. जपानने मात्र त्याआधीच, १९७१ पासून, विज्ञान-तंत्रज्ञानाविषयी देशव्यापी डेल्फी पाहणी सुरू केली होती, आणि ती साधारण दर पाच वर्षांनी होत आली आहे.

प्रत्यक्षात हे काम कसे चालते? एखाद्या उदाहरणाने सांगता येईल का?

आपल्या नळाच्या पाण्याचेच उदाहरण घेऊ. इंदूरला १९७८ पासून नर्मदेचे पाणी मिळते. ते खरगोन जिल्ह्यातील जलूद येथून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून येते, आणि विंध्य चढताना त्याला चारशे मीटरहून अधिक उंचीवर उचलावे लागते. म्हणजे आपल्या घरातील प्रत्येक बादलीमागे विजेचे बिल उभे आहे. पाण्याचा प्रश्न येथे निम्मा विजेचा आणि पर्यायाने महापालिकेच्या तिजोरीचाही प्रश्न आहे.

भविष्यवेध करणारा गट आधी बारीकसारीक चाहूल टिपतो: भूजलाची पातळी, पावसाच्या दिवसांतील बदल, विजेचे दर, शहराच्या कडेला कुठे वसाहती वाढत आहेत, जुन्या बावड्या आणि बिलावलीसारखे तलाव कोणत्या अवस्थेत आहेत. मग यांतील कोणत्या गोष्टींचा परिणाम सर्वांत मोठा आणि कोणत्या सर्वांत अनिश्चित, हे ठरवले जाते. समजा, पाणी उचलण्याचा खर्च ही एक अनिश्चितता मानली आणि शहर दाट होत जाईल की विरळ पसरत जाईल ही दुसरी मानली, तर या दोहोंच्या जोडणीतून चार चित्रे तयार होतात. सर्वांत कठीण चित्र असे: वीज महाग, आणि शहर सुपर कॉरिडॉर, राऊ, महू, सांवेर अशा सर्व दिशांना पसरलेले. अशा शहरात जलवाहिन्या लांबतात, गळती वाढते, आणि कडेच्या वस्तीला टँकरवर अवलंबून राहावे लागते. याउलट वीज स्वस्त झाली आणि शहर आटोपशीर राहिले, तर तीच योजना पुढील पिढीलाही पुरू शकते. उरलेली दोन चित्रे या दोन टोकांच्या मधली.

यानंतरचा टप्पा निर्णयाचा. आज विचाराधीन असलेला प्रत्येक प्रकल्प या चारही चित्रांत ठेवून पाहायचा. एखादी नवी जलवाहिनी दोनच चित्रांत उपयोगी ठरत असेल, आणि तलाव-बावड्यांची दुरुस्ती व गळती रोखणे ही कामे चारही चित्रांत फायद्याची ठरत असतील, तर पैसा आधी कुठे लावायचा याला सबळ आधार मिळतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने हरित रोख्यांतून, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठी काढलेल्या कर्जरोख्यांतून, २४४ कोटी रुपये उभारले, ते जलूद येथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. विजेच्या खर्चाची अनिश्चितता कमी करणारा हा निर्णय आहे, आणि भविष्यवेधातून जे निष्पन्न व्हायला हवे ते याच जातीचे असते.

कोणत्या देशांनी यासाठी कायमची व्यवस्था उभी केली आहे?

फिनलंडची व्यवस्था मला सर्वांत विचारपूर्वक बांधलेली वाटते. सोव्हिएत संघाशी असलेला व्यापार कोसळला, त्यातच बँका अडचणीत आल्या, आणि १९९० मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास असलेली बेरोजगारी १९९४ पर्यंत सोळा टक्क्यांच्या वर गेली. त्या हलाखीत, १९९३ मध्ये, तेथील संसदेने ‘भविष्य समिती’ नेमली. सुरुवातीला ती तात्पुरती होती. २००० मध्ये ती कायमची झाली. प्रत्येक सरकारने आपल्या कार्यकाळात एकदा भविष्याविषयीचा अहवाल संसदेला सादर करायचा आणि समितीने त्याला संसदेच्या वतीने उत्तर द्यायचे, असा तेथील रिवाज आहे. समितीवर सर्व पक्षांचे खासदार असतात. सरकार बदलले तरी विषय पटलावर राहतो, ही या रचनेची खरी ताकद आहे.

सिंगापूरने हे काम प्रशासनाच्या मध्यभागी ठेवले. १९८० च्या दशकात संरक्षण मंत्रालयात सुरू झालेला सिनॅरिओंचा वापर १९९५ मध्ये पंतप्रधान कार्यालयात गेला. सार्सच्या साथीनंतर २००४ मध्ये धोक्यांची चाहूल घेणारी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली, आणि २००९ मध्ये सेंटर फॉर स्ट्रॅटेजिक फ्युचर्स स्थापन झाले. ब्रिटनचा फोरसाइट कार्यक्रम १९९४ चा. त्याचा २००४ मधील पुरांविषयीचा अभ्यास विशेष गाजला. युरोपीय आयोग २०२० पासून भविष्यवेधाचा अहवाल काढतो.

आपल्या इंदूरचा या विषयाशी काय संबंध?

फार जवळचा. होळकर संस्थानाच्या काळापासून इंदूर हे कापडगिरण्यांचे शहर होते. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण ही नावे अजूनही परदेशीपुरा आणि नंदानगरच्या बोलण्यात आहेत, आणि अनंत चतुर्दशीला निघणाऱ्या गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे चित्ररथ, पाहायला सारे शहर रात्रभर जागे असते. १९९१-९२ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला तो डिसेंबर २०२३ मध्ये. या तीन दशकांत हक्काच्या पैशाची वाट पाहत अनेक कामगार हे जग सोडून गेले.

गिरण्या वाचल्याच असत्या असे मला म्हणायचे नाही. परंतु जे घडणार होते त्याची चाहूल बरीच आधी लागलेली होती. १९७४ मध्ये आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा करावा लागला, तेव्हाच हा व्यवसाय थकला असल्याची जाहीर नोंद झाली होती. यंत्रमागांचे स्वस्त कापड बाजार व्यापत होते, कृत्रिम धाग्याची मागणी वाढत होती, जुनी यंत्रे बदलली जात नव्हती; १९८२ मध्ये मुंबईचा संप झाला आणि १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी आणि यंत्रमाग यांना सारखेच मानण्याची दिशा घेतली. या सर्व गोष्टी सरकारी कागदांत होत्या. ‘इंदूरच्या सगळ्या गिरण्या पंधरा वर्षांत बंद झाल्या तर?’ हा प्रश्न कुणी अधिकृतपणे विचारून त्याचे उत्तर तयार ठेवले असते, तर चाळिशीतल्या कामगाराला दुसरे काम शिकवण्याची सोय, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची हमी, जमिनीचे पुढे काय करायचे याचा निर्णय, हे सारे न्यायालयाच्या दारात जाण्यापूर्वी ठरू शकले असते.

असे करता येते, याचा दाखला जर्मनीने दिला आहे. कोळशापासून दूर जाण्यासाठी तेथे २०१८ मध्ये आयोग नेमला गेला. त्यावर कामगार संघटना, उद्योग, पर्यावरणवादी आणि खाणपट्ट्यांतील प्रतिनिधी एकत्र बसले. २०२० च्या कायद्याने २०३८ ही शेवटची मुदत ठरवली आणि प्रभावित प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोंपर्यंतची तरतूद झाली. मुदतीवरून तेथे वाद आहेतच. तरीही कामगाराला आपली खाण कधी बंद होणार हे वर्षानुवर्षे आधी ठाऊक असणे आणि एका सकाळी फाटकाला कुलूप दिसणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मध्य प्रदेशात सिंगरौलीसारखा कोळशावर जगणारा प्रदेश आहे. तेथील चर्चेची वेळ आताच आहे.

वाढत्या वृद्धसंख्येबाबत सरकारे काय करतात?

लोकसंख्येतील बदल हळू येतो आणि बराचसा आधी मोजता येतो, म्हणून या विषयात ढिलाई झाली तर तिला सबब उरत नाही. जपानने १९९७ मध्ये दीर्घकालीन शुश्रूषा विम्याचा कायदा केला आणि एप्रिल २००० पासून तो लागू झाला. चाळीस वर्षांवरील प्रत्येक जण हप्ता भरतो, योजना स्थानिक नगरपालिका चालवतात, आणि दर तीन वर्षांनी हप्ता व सेवा यांचा पुन्हा हिशेब केला जातो. घरातील सुनेने किंवा मुलीनेच शुश्रूषा करायची, या गृहीतकावर पुढची पन्नास वर्षे काढता येणार नाहीत, हे तेथील सरकारने वेळेत मान्य केले.

भारतात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला होणाऱ्या मुलांची सरासरी, २.० इतका आढळला. मध्य प्रदेशाचाही तेवढाच. म्हणजे पिढी भरून निघण्यासाठी लागणाऱ्या २.१ या पातळीच्या खाली आपण आलो आहोत. रामबाग किंवा लोकमान्य नगरात फेरफटका मारला, तर मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी आणि घरात दोघे ज्येष्ठ, असे घर शोधावे लागत नाही. घरी येणारी प्रशिक्षित परिचारिका, सरकते जिने नसलेले पूल, चढता न येणारी बस, एकट्या राहणाऱ्या आजींचे औषधपाणी, हे सगळे आजच्या शहर नियोजनाचे विषय आहेत.

भारतात हे काम कोण करते?

नियोजन आयोगात दीर्घ पल्ल्याच्या नियोजनाचा स्वतंत्र विभाग होता, आणि पीतांबर पंत यांच्या काळात तेथे १९६२ मध्ये किमान जीवनमानाचा पंधरा वर्षांचा आराखडा मांडला गेला. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या टायफॅक या संस्थेने डॉ. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली तंत्रज्ञानविषयक ‘व्हिजन २०२०’ तयार केले. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या (२०१२-१७) दस्तऐवजात, सर्व काही नीट झाले तर, अपुरी कृती झाली तर आणि धोरणेच अडकून पडली तर, असे तीन सिनॅरिओ दिले होते. सरकारी योजनेने स्वतःच्या अपयशाची शक्यता लिहून ठेवावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नियोजन आयोगाच्या जागी १ जानेवारी २०१५ रोजी नीती आयोग आला. ऊर्जेसंबंधी २०४७ पर्यंतचे पर्याय प्रत्येकाला स्वतः बदलून पाहता येतील असे एक साधन नियोजन आयोगाने काढले होते, ते नीती आयोगाने पुढे चालू ठेवले.

आता केंद्र आणि राज्ये यांच्याकडे ‘विकसित भारत २०४७’ च्या दिशेने दृष्टिपत्रे आहेत. दृष्टिपत्रात आपल्याला कुठे पोहोचायचे आहे ते सांगितलेले असते. वाटेत काय बिघडू शकते याचे प्रकरणही त्याला जोडले जावे, अशी अपेक्षा रास्त आहे. शिवाय २०११ नंतरची जनगणना लांबत गेल्यामुळे इंदूरसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहराचे नियोजन दीर्घकाळ जुन्या आकड्यांवर चालले आहे, आणि कच्च्या माहितीवर उभारलेले कोणतेही चित्र कच्चेच राहते.

इतकी तयारी करूनही सरकारे गाफील का राहतात?

कारण चाहूल लागणे आणि हालचाल करणे यांत मोठे अंतर असते. ब्रिटनने ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘सिग्नस’ नावाची रंगीत तालीम घेतली होती. फ्लूची भयंकर साथ आली तर रुग्णालये आणि वृद्धाश्रम कसे तग धरतील, हे त्यात पाहिले गेले. उणिवा दिसल्या, नोंदवल्या गेल्या, पण सर्व दूर झाल्या नाहीत. चार वर्षांनी साथ आली ती फ्लूची नव्हती. तेथील सार्वजनिक चौकशीच्या २०२४ मधील अहवालाने, देशाने चुकीच्या साथीची तयारी केली होती, असा ठपका ठेवला. एकाच चित्रावर सारी भिस्त ठेवली की असे होते.

दुसरे कारण सत्तेशी निगडित आहे. अप्रिय गोष्ट सांगणारे कार्यालय बंद करणे सोपे असते. अमेरिकी संसदेला तंत्रज्ञानाविषयी सल्ला देणारे ओटीए हे कार्यालय १९७२ मध्ये स्थापन झाले आणि १९९५ मध्ये गुंडाळले गेले.

आपल्याकडे ओडिशाचे उदाहरण याच्या उलट आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याच वर्षी राज्याने आपत्ती व्यवस्थापनाची स्वतंत्र संस्था उभारली, निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले. २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ आले तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. चौदा वर्षे, अनेक अर्थसंकल्प आणि बदललेले अधिकारी, इतक्यांतून ते काम टिकले.

निवडणूक पाच वर्षांनी येते. तीस वर्षांचा विचार राजकारणी कशासाठी करतील?

कायद्याने बांधून घेतले तर करतात. नॉर्वेने १९९० मध्ये तेलाच्या उत्पन्नासाठी निधीचा कायदा केला, १९९६ मध्ये पहिली रक्कम जमा केली, आणि २००१ पासून दरवर्षी निधीच्या साधारण चार टक्क्यांपर्यंतच, म्हणजे अपेक्षित परताव्याइतकाच, खर्च करण्याचा दंडक घातला. २०१७ मध्ये तो तीन टक्क्यांवर आणला. वेल्सने २०१५ मध्ये भावी पिढ्यांच्या हिताचा कायदा करून त्यासाठी आयुक्त नेमला, आणि सार्वजनिक संस्थांवर दीर्घकालीन परिणामांचा विचार करण्याचे बंधन घातले.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नोकऱ्या जातील का? सरकारला हे आधी कळू शकेल?

किती नोकऱ्या जातील याचा खात्रीचा आकडा कुणीही देऊ शकत नाही. पण सुपर कॉरिडॉरवरच्या संगणक कंपन्यांवर शहराने मोठी आशा ठेवली असेल, तर ‘तेथील भरती निम्म्यावर आली तर?’ असा सिनॅरिओ आजच तयार करता येतो. गिरण्यांच्या वेळी न विचारलेला प्रश्न या वेळी विचारला जावा, एवढी अपेक्षा या शहराने नक्की ठेवावी.

हे तज्ज्ञांचेच काम आहे का?

मुळीच नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरचा नगररचना अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत सादर केला. शहरात प्लेगचे भय होते, तेव्हा त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढवली. तिच्यात प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि मिरवणुकीच्या निमित्ताने गल्ल्या आणि घरे साफ झाली. नियोजन लोकांच्या हातापायांत उतरले तरच ते घडते, हे त्यांना उमगले होते. दक्षिण आफ्रिकेत १९९१-९२ मध्ये माँ फ्लर येथे परस्परविरोधी पक्षांचे लोक देशाच्या भविष्याची चार चित्रे रंगवायला एकत्र बसले. वर्णभेदाच्या अंताकडे जाणाऱ्या त्या काळात ही चित्रे वर्तमानपत्रांतून आणि सभांतून सामान्यांपर्यंत पोहोचवली गेली.

सामान्य नागरिकाने कुठे आणि काय विचारावे?

शहराचा विकास आराखडा हे पहिले ठिकाण. मध्य प्रदेशात १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमानुसार आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. इंदूरचा मागील आराखडा २०२१ पर्यंतचा होता आणि त्याची मुदत संपल्यानंतर नव्याचे काम लांबत गेले. म्हणून मसुदा येईल तेव्हा मुदतीच्या आत लेखी हरकत देण्याची तयारी आधीपासून हवी. हरकतीत आपल्या गल्लीतील रस्त्याच्या रुंदीबरोबर काही प्रश्न जरूर घालावेत. हा आराखडा कोणत्या लोकसंख्येवर बेतला आहे, आणि ती वीस टक्क्यांनी जास्त किंवा कमी निघाली तर काय बदलेल? पाण्याचा खर्च दुप्पट झाला तर कोणती कामे थांबतील? आराखड्याचा फेरविचार कोणत्या वर्षी, कोणत्या अधिकाऱ्याने करायचा आहे? महापालिकेच्या अर्थसंकल्पाच्या वेळी नगरसेवकाला हेच विचारता येते. उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून, ज्या गृहीतकांवर आराखडा उभा आहे त्यांच्या टिप्पणीची प्रत मागता येते.